नवे स्वतंत्र कलावंत कसे शोधावेत आणि इतरांना कसे सुचवावेत

स्ट्रीमिंग सेवेचे ॲप उघडल्यावर पहिल्याच पडद्यावर जे कलावंत दिसतात, ते बहुधा आधीच कुणीतरी शोधून काढलेले असतात. मोठ्या कंपनीच्या पाठबळाशिवाय, स्वतःच्या खर्चाने किंवा एखाद्या छोट्या लेबलच्या (गाणी प्रकाशित करणाऱ्या संस्थेच्या) मदतीने गाणी काढणारा नवा कलावंत तिथवर क्वचितच पोहोचतो, आणि पोहोचलाच तर तोवर तो फारसा नवा राहिलेला नसतो. म्हणून ज्याला असे कलावंत खरोखर शोधायचे आहेत, त्याने यंत्राने पुढे केलेल्या याद्यांवर विसंबण्यापेक्षा माणसांचा माग काढायला शिकले पाहिजे : गाणे कुणी मुद्रित केले, कुणी प्रकाशित केले, कुणी विकत घेतले आणि कुणाच्या कार्यक्रमाआधी कोण वाजवून गेले. सापडलेला कलावंत दुसऱ्याला सुचवणे हेही वाटते तितके सोपे काम नाही, आणि बहुतेक शिफारशी वाया जातात त्या गाणे वाईट असते म्हणून नव्हे, तर ते सांगितले वाईट पद्धतीने जाते म्हणून.

यंत्राकडून किती अपेक्षा ठेवावी

स्पॉटिफायने जुलै २०१५ मध्ये ‘डिस्कव्हर वीकली’ ही यादी सुरू केली, आणि तेव्हापासून दर सोमवारी प्रत्येक श्रोत्याला ३० गाण्यांची स्वतंत्र यादी मिळू लागली. तिचे गणित मुख्यतः एका साध्या निरीक्षणावर उभे आहे : तुम्ही ऐकता ती गाणी ज्यांच्या प्लेलिस्टमध्ये आहेत, त्यांनी त्याच प्लेलिस्टमध्ये आणखी काय ठेवले आहे. ज्या गाण्याला अजून श्रोतेच मिळालेले नाहीत ते कुणाच्याही प्लेलिस्टमध्ये नसते, त्यामुळे या गणिताला ते दिसणेच अवघड असते. ध्वनीचे विश्लेषण करून ही उणीव काही अंशी भरून काढण्याचा प्रयत्न होतो, पण श्रोत्यांच्या सवयींचे पारडे जडच राहते. त्यात २०२० पासून याच सेवेने ‘डिस्कव्हरी मोड’ नावाची सोय आणली असून, तिच्यात कलावंताने किंवा लेबलने ठरावीक गाण्यांवरचे मानधन कमी घेण्याची तयारी दाखवल्यास त्या गाण्यांना शिफारशींमध्ये झुकते माप मिळते. ही गोष्ट गैर आहे की नाही हा वेगळा वाद आहे. श्रोत्याने एवढे ध्यानात ठेवावे की समोर आलेले गाणे केवळ आपल्या आवडीमुळे समोर आले असेलच असे नाही.

तरीही यंत्राचा उपयोग करून घेता येतो. आपल्या सर्वांत लाडक्या, प्रसिद्ध गायकावरून ‘रेडिओ’ (त्याच्याशी मिळत्याजुळत्या गाण्यांची आपोआप चालणारी यादी) सुरू केला तर तो आणखी प्रसिद्ध लोकांकडेच घेऊन जाणार. त्याऐवजी आपल्याला ठाऊक असलेल्या सर्वांत छोट्या कलावंतापासून सुरुवात करावी, त्याच्या पानावर ‘याच्या श्रोत्यांना हेही आवडतात’ या सदरात जी नावे दिसतात त्यांपैकी सर्वांत कमी मासिक श्रोते असलेले नाव उघडावे, आणि हीच कृती पुढे आणखी दोन-तीन पायऱ्या करावी. दर पायरीला गर्दी कमी होत जाते आणि नावे अनोळखी होत जातात. २००२ मध्ये सुरू झालेल्या लास्ट एफएम या संगीतविषयक संकेतस्थळावर साम्य असलेल्या कलावंतांची यादी आणि प्रत्येकाच्या श्रोत्यांची संख्या दोन्ही पाहता येतात, त्यामुळे हे काम तिथे अधिक सोयीचे होते.

लेबल, श्रेयनामावली आणि इतरांचे संग्रह

खरा खजिना इथे आहे, म्हणून या भागावर जरा जास्त वेळ द्यावा.

कुठल्याही अल्बमच्या पानावर अगदी तळाशी, गाण्यांची यादी संपल्यावर, हक्कांची बारीक अक्षरांतली ओळ असते. बहुतेक जण ती वाचतच नाहीत. ध्वनिमुद्रणाचे हक्क कुणाकडे आहेत हे तिथे लिहिलेले असते, आणि एखादे लेबल दिसायला छोटे असूनही मोठ्या कंपनीच्या परवान्याखाली चालते का, हेही बऱ्याचदा तिथेच कळते. ‘रेकॉर्ड्स डीके’ या शब्दांआधी एक लांबलचक आकडा दिसला, तर समजावे की कलावंताने डिस्ट्रोकिड या वितरण सेवेमार्फत, स्वतःच्या लेबलचे नावही न देता, गाणे थेट चढवलेले आहे. नवखेपणाची याहून स्पष्ट खूण दुसरी मिळणार नाही.

लेबलचे नाव सापडले की त्या लेबलचे बाकीचे काम ऐकावे. छोटे लेबल चालवणारी माणसे बहुधा एक-दोनच असतात आणि ती आपल्या कानाला पटेल तेच काढतात, त्यामुळे त्यांची निवड एखाद्या चोखंदळ मित्राच्या निवडीसारखी सलग लागते. सिअॅटलचे सब पॉप, शेफील्डमध्ये १९८९ साली सुरू झालेले वॉर्प किंवा वॉशिंग्टनचे डिस्कॉर्ड यांचे नाव याच कारणाने झाले : श्रोते कलावंताचे नाव ठाऊक नसतानाही लेबलवर भरवसा ठेवून रेकॉर्ड विकत घेत. आज ही लेबले स्वतःच प्रसिद्ध आहेत, तेव्हा त्यांच्या पद्धतीने चालणारी, पण अजून चार-पाचच अल्बम काढलेली लेबले शोधावीत. स्पॉटिफायच्या शोधपट्टीत इंग्रजीत ‘लेबल’ हा शब्द, त्याला जोडून अपूर्णविराम आणि मग अवतरणचिन्हांत लेबलचे नाव टाकले, तर त्या लेबलची गाणी एकत्र मिळू शकतात.

श्रेयनामावलीचा मागही असाच काढावा. ध्वनिमुद्रण कुणी केले, मिश्रण कुणाचे, पाहुणा वादक कोण, ही माहिती बॅण्डकॅम्प या गाणी विकत घेण्याच्या संकेतस्थळावरील पानावर कलावंत बऱ्याचदा स्वतःच लिहितो. जुन्या रेकॉर्डसाठी डिस्कॉग्स हे संकेतस्थळ उपयोगी पडते. शिकागोचे ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी यांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. निर्वाणा, पिक्सीज आणि पीजे हार्वे यांच्यासाठी त्यांनी काम केले म्हणून त्यांचे नाव सर्वांना माहीत झाले, पण २०२४ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी असंख्य अपरिचित बॅण्डही त्याच निष्ठेने मुद्रित केले. त्यांच्या नावाचा धागा धरून जो गेला, त्याच्या हाती प्रसिद्ध नावांच्या पलीकडचे कितीतरी संगीत लागले. प्रत्येक शहरात, प्रत्येक शैलीत असा एखादा स्टुडिओ किंवा ध्वनिमुद्रक असतो, ज्याच्याकडे नवे लोक आपले पहिले काम घेऊन जातात.

तिसरा मार्ग खरेदीदारांचा, आणि माझ्या मते सर्वांत फलदायी. २००८ मध्ये सुरू झालेल्या बॅण्डकॅम्पवर अल्बमच्या मुखपृष्ठाखाली तो विकत घेणाऱ्यांची छोटी छोटी छायाचित्रे ओळीने दिसतात. त्यांतल्या काहींनी एखाद-दोन वाक्यांचा अभिप्राय लिहून आपले आवडते गाणेही नोंदवलेले असते. छायाचित्रावर क्लिक केले की त्या माणसाचा संपूर्ण संग्रह उघडतो. आता करायचे काय, तर ज्याला अवघ्या वीस-तीस लोकांनी विकत घेतले आहे असा, आपल्याला मनापासून आवडलेला एक अल्बम निवडायचा आणि त्याच्या खरेदीदारांचे संग्रह एकेक करून पाहायचे. ज्याच्या संग्रहात हजारो अल्बम आहेत तो सगळेच घेतो, त्याला सोडून द्यावे. ज्याच्याकडे शंभरेक अल्बम आहेत, त्यांपैकी पाच-सहा आपल्याही आवडीचे आहेत आणि उरलेल्यांची नावेही आपण ऐकलेली नाहीत, असा माणूस सापडला की त्याला फॉलो करावे. पुढे तो जे जे घेईल ते आपल्याला कळत राहील. असे जेमतेम दहा लोक मिळाले तरी पुष्कळ झाले. साउंडक्लाउड या गाणी चढवण्याच्या आणि ऐकण्याच्या सेवेवर हेच काम कलावंतांच्या स्वतःच्या ‘रीपोस्ट’ आणि ‘लाइक’ यांवरून होते, कारण तिथे संगीतकार एकमेकांचे काम उघडपणे पुढे पाठवतात.

रेडिओ, स्पर्धा आणि आधी वाजवणारे

ब्रिटनमध्ये जॉन पील यांनी १९६७ पासून २००४ मध्ये मृत्यू होईपर्यंत बीबीसी रेडिओ वनवर अनोळखी बॅण्डची गाणी लावली. त्यासाठी ते टपालाने आलेल्या टेपा स्वतः ऐकत. अशा निवेदकाची जागा अल्गोरिदम घेऊ शकत नाही, कारण निवेदक कधीकधी श्रोत्याला न आवडणारी गोष्टही हट्टाने लावतो. ही परंपरा संपलेली नाही. सिअॅटलचे केईएक्सपी, न्यू जर्सीचे श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणारे डब्ल्यूएफएमयू आणि २०११ पासून लंडनहून चालणारे एनटीएस ही केंद्रे इंटरनेटवर कुठूनही ऐकता येतात आणि वाजवलेल्या गाण्यांच्या याद्याही प्रसिद्ध करतात. केंद्र निवडण्यापेक्षा निवेदक निवडावा. एकाच केंद्रावरचे दोन कार्यक्रम एकमेकांपासून कोसभर दूर असू शकतात. बीबीसीच्या २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘इंट्रोड्यूसिंग’ उपक्रमात तर लेबल नसलेले कलावंत स्वतःच आपली गाणी पाठवतात.

अमेरिकेतील एनपीआर या सार्वजनिक रेडिओच्या ‘टायनी डेस्क’ स्पर्धेचा एक वेगळा फायदा आहे. या स्पर्धेत लेबलशी करार नसलेले कलावंत एखाद्या टेबलाशी बसून किंवा उभे राहून गायलेल्या गाण्याची चित्रफीत पाठवतात. २०१५ मध्ये जाहीर झालेले पहिल्या स्पर्धेचे विजेते फॅन्टॅस्टिक नेग्रिटो पुढे ग्रॅमीपर्यंत पोहोचले. विजेता सर्वांनाच कळतो. न जिंकलेल्यांच्या चित्रफिती मात्र यूट्यूबवर तशाच पडून राहतात आणि त्यांत बरेच काही सापडते.

प्रत्यक्ष कार्यक्रमाला जाताना मुख्य कलावंताच्या वेळेला न जाता दार उघडण्याच्या वेळेला जावे. आधी वाजवणारा बॅण्ड बहुधा मुख्य कलावंताने किंवा आयोजकाने विचारपूर्वक निवडलेला असतो. संगीत महोत्सवाच्या जाहिरातीवर सर्वांत लहान अक्षरांत छापलेली नावेही याच कारणाने वाचावीत.

ऐकताना

नव्या कलावंताला पहिल्या अर्ध्या मिनिटात निकालात काढू नये. स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजल्याशिवाय गाणे ऐकल्याची गणनाच होत नाही, आणि त्यामुळे अनेक जण आपला सगळा जोर सुरुवातीलाच लावतात. जे लावत नाहीत त्यांना तेवढ्यासाठी शिक्षा होऊ नये. एका कलावंताची निदान तीन गाणी ऐकावीत : सर्वांत जास्त ऐकले गेलेले, सर्वांत अलीकडचे आणि पहिल्या अल्बमच्या मध्यावरचे एखादे. पहिले गाणे लोकांना काय आवडले ते सांगते, दुसरे कलावंत कुठे चालला आहे ते दाखवते, आणि तिसऱ्यावरून कळते की लक्ष वेधून घेण्याची गरज नसताना तो काय करतो. मुद्रण ओबडधोबड असणे हा दोष मानू नये; चाल, शब्द किंवा वादनात काही वेगळे आहे का एवढेच पाहावे. आवडलेल्या गाण्याची लगेच नोंद करावी : कलावंत, गाणे, कुठून कळले, आणि गाण्यातल्या नेमक्या कोणत्या क्षणी कान टवकारले. ही शेवटची नोंद पुढे शिफारस करताना फार कामाला येते.

समोरचा कलावंत खरोखर अस्तित्वात आहे का, हेही हल्ली तपासावे लागते. २०२५ च्या जून-जुलैमध्ये ‘द व्हेल्वेट सनडाउन’ नावाच्या बॅण्डला स्पॉटिफायवर महिन्याला दहा लाखांहून अधिक श्रोते मिळाले, आणि नंतर उघड झाले की ते संगीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तयार केलेले होते. काही आठवड्यांत दोन-तीन अल्बम, एकाही वादकाचे नाव नाही, एकही प्रत्यक्ष कार्यक्रम नाही आणि छायाचित्रे संशयास्पद गुळगुळीत, अशा खुणा एकत्र आल्या तर सावध व्हावे. मात्र एकाच खुणेवरून निष्कर्ष काढू नये. लंडनचा बरिअल हा संगीतकार २००८ पर्यंत नाव आणि चेहरा लपवूनच काम करत होता, आणि त्याचे संगीत माणसाचेच होते.

शिफारस कशी करावी

शिफारस एका माणसाला, एका गाण्याची करावी. वीस गाण्यांची यादी पाठवणे म्हणजे निवडण्याचे काम समोरच्यावर ढकलणे होय, आणि तो ते करत नाही. ‘हे ऐकच, भारी आहे’ एवढ्यावर कुणी चार मिनिटे खर्च करत नाही. त्याऐवजी असे लिहून पाहावे : ‘तुला संथ गाण्यात एकट्या चेलोचा आवाज आवडतो, म्हणून हे पाठवतो आहे. पहिले मिनिट फक्त गिटार आहे, तिथे सोडून देऊ नकोस. १ मिनिट २० सेकंदांनी चेलो येतो आणि चाल बदलते. आवाज जरा घोगरा आहे, तो तुला खटकेल कदाचित. घाई नाही.’ या पाच वाक्यांत समोरच्याची आवड ओळखलेली आहे, कारण दिलेले आहे, नेमकी जागा दाखवलेली आहे आणि काय खटकू शकते तेही आधीच सांगून टाकलेले आहे. दुसऱ्या दिवशी ‘ऐकलेस का?’ म्हणून विचारणा करू नये. त्याने गाणे गृहपाठ होऊन बसते.

‘हा म्हणजे पुढचा अमुक’ अशी तुलना टाळावी. प्रसिद्ध नावाशी तुलना केली की ऐकणारा दोघांतला फरक उणीव म्हणून ऐकतो. तुलना करायचीच असेल तर एखाद्या गुणाची करावी : ठेका कुणासारखा, शब्दांची फेक कुणासारखी. कलावंत आपला मित्र असेल, नातलग असेल किंवा शिफारशीसाठी काही मोबदला मिळाला असेल, तर ते पहिल्याच वाक्यात सांगावे. ते नंतर कळले, तर शिफारस करणाऱ्याबरोबर कलावंताचेही नाव खराब होते.

सार्वजनिक ठिकाणी लिहिताना कलावंत स्वतः जसे लिहितो तसेच त्याचे नाव लिहावे आणि वादक, ध्वनिमुद्रक, लेबल व प्रकाशनाचे वर्ष द्यावे. तुमच्या मजकुरावरून दुसरा कुणी माग काढणार आहे. गाण्याची फाइल स्वतः कुठेही चढवू नये आणि आपल्या चित्रफितीत ते वापरायचे असेल तर परवानगी मागावी. नवे कलावंत ती बहुधा आनंदाने देतात.

प्लेलिस्ट करायची असेल तर ती तासाभराहून मोठी करू नये. पहिले गाणे थोडे ओळखीचे ठेवले तर ऐकणारा टिकतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर आलेल्या अनोळखी नावाला संधी मिळते. सर्वांत अनोळखी गाणी शेवटी ठेवणे म्हणजे ती न ठेवण्यासारखेच आहे. गाणे यादीत घेण्यासाठी पैसे घेऊ नयेत, आणि कलावंतांनाही अशा विक्रेत्यांपासून सावध करावे. स्पॉटिफायच्या नियमांत याला मनाई आहेच, शिवाय पैसे घेऊन ‘श्रोते’ मिळवून देणाऱ्या याद्यांमागे बरेचदा यंत्रे असतात. अशी बनावट ऐकणी आढळली की वितरक गाणेच काढून टाकतात आणि भुर्दंड कलावंताला बसतो. मदत म्हणून आवाज बंद करून एकच गाणे रात्रभर फिरवत ठेवणारे चाहतेही नकळत हाच धोका ओढवून घेतात.

लिंक कोणती द्यावी, हा मुद्दा किरकोळ वाटला तरी किरकोळ नाही. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागील १२ महिन्यांत १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचे मानधन मिळत नाही. म्हणजे अगदी नव्या कलावंताच्या पदरात तिथून काहीच पडत नाही, अशी शक्यता मोठी असते. बॅण्डकॅम्प डिजिटल विक्रीवर १५ टक्के आणि वस्तूंवर १० टक्के वाटा घेते, आणि पैसे चुकते करण्याचे शुल्क वजा जाता उरलेली रक्कम कलावंताला किंवा त्याच्या लेबलला मिळते. मार्च २०२० पासून काही ठरावीक शुक्रवारी ते आपला वाटाही सोडतात. साउंडक्लाउडने २०२१ मध्ये अशी पद्धत आणली की तिच्यात सहभागी असलेल्या कलावंतांमध्ये श्रोत्याचे पैसे त्याने प्रत्यक्ष कुणाला ऐकले त्यानुसार वाटले जातात. तेव्हा शिफारशीत आधी खरेदीची लिंक द्यावी आणि सोयीसाठी स्ट्रीमिंगची लिंक त्याखाली द्यावी.

कलावंतालाही कळवावे. ‘छान’ या एका शब्दापेक्षा ‘तिसऱ्या गाण्यातला शेवटचा अंतरा आवडला, तो दोन मित्रांना ऐकवला’ असे लिहिलेले पत्र नव्या माणसाला जास्त उपयोगी पडते, कारण आपले काम कुठे पोहोचते आहे याचा दुसरा पुरावा त्याच्याकडे नसतो.

प्रत जपून ठेवणे

स्वतंत्र कलावंतांचे काम कधी नाहीसे होईल याचा नेम नसतो. वितरण सेवेची वार्षिक वर्गणी थकली, लेबल बंद पडले किंवा कलावंताचाच विचार बदलला, तर गाणे एका दिवसात उतरते. सेवाही चुकतात : मायस्पेसने २०१९ मध्ये मान्य केले की २०१६ पूर्वी चढवलेले संगीत सर्व्हर हलवताना नष्ट झाले, आणि त्यात पाच कोटींहून अधिक गाणी होती असे सांगितले जाते. त्यांतल्या कित्येकांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. म्हणून विकत घेतलेला अल्बम केवळ ॲपमध्ये न ठेवता एफएलएसी या, ध्वनीचा दर्जा न घटवणाऱ्या फाइल-स्वरूपात उतरवून घ्यावा, फाइलच्या माहितीत कलावंत, वर्ष आणि लेबल भरलेले आहे का ते पाहावे, अल्बमच्या पानावरची श्रेयनामावली वेगळ्या मजकूर-फाइलमध्ये चिकटवून त्याच फोल्डरमध्ये ठेवावी, आणि सगळ्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी.